डागाचा रकाना

नाशिक
२ फेब्रुवारी २०२५

संजना, जयभीम.

माझं अक्षर पाहिलंस तर तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, असं संघर्ष म्हणाला. म्हणून वरचा पत्ता त्याच्याकडून लिहून घेतला. ही फसवणूकच झाली. पण आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

तुमचे भूगोलाचे सर, आमचे हे, १७ नोव्हेंबरला गेले. रविवार होता, सकाळी दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच होता. तुझी आई आली होती. दारातच उभी राहिली, चप्पल काढली नाही. मी आत ये म्हटलं तर म्हणाली, "चांदवडची गाडी हाय अकराची." आणि गेली. चांदवडला मावशीकडे तुम्ही कसे राहता, तू काय करतेस, हे मला तिला विचारायचं होतं. नंतर संघर्षकडून कळलं की तू कांद्याच्या चाळीत निवडायला जातेस. सर्व्हेअरच्या कोर्सला तू नाव घातलंच नाहीस, हेही त्यानेच सांगितलं.

आता काम सांगते. वस्तीतली उरलेली एकोणीस घरंसुद्धा पूररेषेत धरली आहेत. तुमची आठ घरं मागच्या मे महिन्यात पाडली, तशीच हीही पाडणार. ८ एप्रिलला शेवटची सुनावणी आहे. वस्तीच्या बाजूने संघर्ष धावपळ करतो. रिक्षा दोन-दोन दिवस जागेवरून हलत नाही.

त्या पूररेषेला आधार काय, तर तुमच्या नववीच्या वर्गाने केलेली पाहणी. जुलै २०२२ मध्ये ओढ्याचं पाणी प्रत्येक घरात कुठपर्यंत आलं, त्याचे आकडे. पक्की वही पूररेषा आखणाऱ्या कंपनीने झेरॉक्स करून नेली होती. तिच्यात प्रत्येक घरापुढे एकच आकडा आहे. तुझ्या कच्च्या वहीत दोन रकाने होते, असं मला आठवतं. सरांची ट्रंक दोनदा पालथी केली. त्यात ती नाही. तुझ्याकडे असेल तर पाठव. तू यायला पाहिजेस असं नाही, नुसती वही पाठव.

इथे सगळं ठीक आहे असं लिहिणार होते. नाही लिहीत.

लताकाकू


१९ फेब्रुवारी २०२५

संजना,

तुझं उत्तर येईल अशी आशा नव्हती, तरी पोस्टमनच्या सायकलकडे लक्ष जातं.

संघर्ष येऊन गेला. म्हणाला, "काकू, तुम्ही पत्र लिहिता का निबंध? तिला काय ते सरळ मागा. वही दे म्हणा, बास." मी म्हटलं, सरळच मागितली. तर म्हणाला, "सरळ मागितली असती तर तिनं दिली असती. तुम्ही कायतरी गाळलंय." तो सरांचाच विद्यार्थी. त्याच्या वर्गाला सरांनी लासलगावच्या बाजारात नेलं होतं. लिलाव झाल्यावर प्रत्येक ट्रकच्या ड्रायव्हरला विचारायचं, गाडी कुठे निघाली, आणि भारताच्या कोऱ्या नकाशावर बाण काढायचा. संघर्षचा एक बाण थेट समुद्रात गेला होता. विचारलं तर म्हणाला, "सर, तो बांगलादेश म्हणाला, मला बांगलादेश सापडला नाही." सर ते कितीदा सांगायचे.

तुमच्या वर्गाला निफाडला नेलं. थंडीत द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या का पेटवतात, ते बघायला. परत येताना चांदवडचा घाट दाखवला. डोंगराचे थर मोजायला लावले होते, आठवतं ना? मावशीच्या घरातून ते दिसतात का मला माहीत नाही. प्रत्येक ठिकाणी सरांची एकच सक्ती असायची. तिथे काम करणाऱ्या एका माणसाला विचारायचं, तुम्ही हे कुठे शिकलात? मुलं वहीत लिहून आणायची. पंप ऑपरेटर, हवामानाचा निरीक्षक, रेल्वेचा माल चढवणारा मुकादम. सर म्हणायचे, "भूगोल म्हणजे नद्यांची नावं नाहीत. भूगोलावर माणसं पोट भरतात, ते पोरांना दिसलं पाहिजे." शाळेतले दुसरे शिक्षक म्हणायचे, मल्हारी सर सहली काढतात.

आणि मग आपल्या ओढ्याची पाहणी. फेब्रुवारीत शाळेच्या हॉलमध्ये तुमचा नकाशा लावला. सत्तावीस घरं, प्रत्येकावर निळी पट्टी, पाणी जितकं वर तितकी उंच. सरांनी ओळख काढून पूररेषेचं काम घेतलेल्या कंपनीतले दीपक साहेब पाहुणे म्हणून बोलावले. ते नकाशासमोर किती वेळ उभे होते. म्हणाले, "या ओढ्याची नोंद आमच्याकडे कुठेच नाही. एवढी बारीक पाहणी आमची माणसंही करत नाहीत." तू पुढे होऊन विचारलंस, सर्व्हेअरला मुलींना घेतात का? ते हसले. "टेप धरायला मुलगाच कशाला लागतो? दहावी झाली की ये." सरांचा चेहरा मी खुर्च्यांच्या मागून पाहत होते. आमच्या लग्नात ते इतके खूश दिसले नव्हते.

साहेबांनी झेरॉक्स काढायला वही मागितली. सरांनी आनंदाने दिली.

वर्षभराने नोटिसा आल्या. त्या दिवशी आमच्या पुढच्या खोलीत आठ-दहा माणसं होती. सिंधुबाई सगळ्यात मोठ्याने बोलत होती. "माप घ्यायला पोरी धाडल्या आन् घरं लिहून दिली." तुला कोणीतरी बोलावून आणलं. सर म्हणाले, "संजना, तू भिंतीवरचा डाग बघितला होतास का?" तू सरांकडे पाहिलं नाहीस. त्यांच्या खांद्यावरून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलंस. मी चहा गाळत होते. तू म्हणालीस, "नाही." सर म्हणाले, "तुझ्या हातात वही द्यायलाच नको होती."

कुठल्याही मुलाला ते असं कधी बोलले नव्हते. तुझी दहावीची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. भूगोलात चाळीसपैकी सतरा पडले, तो कागद सरांनी घरी आणून मला दाखवला आणि घडी घालून ठेवला.

मी त्या दिवशी सगळ्यांना चहा दिला. तुझा कप तसाच राहिला.

लताकाकू


९ मार्च २०२५

संजना,

काल तुझ्या मावशीने फोन उचलला. म्हणाली, "ताई, पोरीला त्रास देऊ नका. तुमचं पत्र आलं की ती जेवत नाही." मग मला वाटलं की दोन पत्रांत मी जे गाळलं तेच तुला बाधत असणार. तुला ते माहीत आहे. मी लिहीत नाही, हेही तुला दिसतंय.

तर लिहिते.

पाहणीच्या आधीच्या रविवारी विहारात आम्ही बायका बसलो होतो. सिंधुबाई म्हणाली, "काय गं लते, तुझा नवरा आता आमच्या भिंती मोजनार व्हय? मोजून काय देनार?" मी म्हटलं, मुलं विचारतील पाणी कुठपर्यंत आलं होतं, तर हात जरा वर धरा. कागद वर जातात. कोणाच्या हातात पडला तर भरपाई तरी येईल. तुझी आजी म्हणाली, "मी तर गळ्यापर्यंत बुडाले हुते असं सांगीन." सिंधुबाई म्हणाली, "तू बुटकी, तुझा गळा आमच्या कमरेला." सगळ्या हसलो. मीही हसले.

मी असं का सांगितलं तेही सांगते. माझं माहेर त्याच वस्तीतलं. २०१९ च्या पुरानंतर पंचनामा करायला माणसं आली तेव्हा आईने खरं सांगितलं, घोट्याएवढं पाणी होतं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या घरी गेले. शेजारणीने छातीपर्यंत सांगितलं, तिचं नाव यादीत आलं. आई मरेपर्यंत म्हणत होती की मला बोलता आलं नाही. ते माझ्या डोक्यात राहिलं होतं. या वेळी आपल्या माणसांना बोलता यावं, असं वाटलं. सरांची वही म्हणजे पंचनामाच, असं मी धरून चालले. अभ्यासाची वही आणि पंचनामा यांत काय फरक असतो, ते मला तेव्हा कळत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही.

सरांनी तुम्हाला नीट शिकवलं होतं. आधी भिंतीवरचा गाळाचा डाग बघायचा, मग माणसाला विचारायचं, आणि दोन्ही जुळले नाहीत तर डाग धरायचा. मला तो नियम पाठ होता. आदल्या आठवड्यात ते तो माझ्यासमोर बोलून बघत होते.

पहिल्या दिवशीची मापं झाल्यावर तू संध्याकाळी घरी आलीस. सर शाळेतून आले नव्हते. तू म्हणालीस, "काकू, डाग जोत्यावरच आहे, उंबऱ्याच्या खाली. आणि लोक हात कमरेच्या वर धरतात. मी दोन रकाने केलेत. सरांना विचारू का?" मी म्हटलं, सरांना कशाला. मोठ्या माणसांना खोटं पाडायचं नसतं. पक्क्या वहीत हाताचा आकडा उतरव. तू म्हणालीस, "पण सर म्हणाले होते..." मी म्हटलं, मी सांगते ना.

तू दुसऱ्यांदाही विचारलंस. शिकवणाऱ्याची बायको सांगते म्हटल्यावर तू ऐकलंस. चौदा वर्षांची होतीस.

म्हणजे त्या दिवशी सरांच्या खांद्यावरून तू माझ्याकडे पाहिलंस, ते मी बोलावं म्हणून. आणि मी बोलले नाही, तेव्हा तू माझ्यासाठी "नाही" म्हणालीस.

मी त्या रात्री सरांना सांगणार होते. मग परीक्षा होऊ दे म्हटलं. मग घरं पाडली, तेव्हा तर तोंडच उघडेना. सर वहीतले आकडे पुन्हा पुन्हा बघायचे. टेप घेऊन एकटेच वस्तीत गेले, पण दर वर्षी चौदा एप्रिलच्या आधी सगळी वस्ती रंग लावते. डाग रंगाखाली गेले होते. लोकांनी त्यांना दारात उभं केलं नाही. शेवटच्या महिन्यात मला म्हणाले, "लता, मी मुलांना नुसतं फिरवलं. बघायला शिकवलं नाही." मी शेजारी बसून मटार सोलत होते. सोलत राहिले.

एवढंच आहे. आता तुला वाटलं तर वही पाठव, नाही वाटलं तर नको.

लताकाकू


२४ मार्च २०२५

संजना,

वही मिळाली. एसटीच्या पार्सलने, गोणपाटात शिवून. आत चिठ्ठी नव्हती. मी गोणपाट उलटा करून बघितला.

तुझं अक्षर तेव्हा किती टपोरं होतं. "हात" आणि "डाग". सिंधुबाईचं घर नववं. हात ११०, डाग २१. खाली कंसात लिहिलं आहेस, जोत्याची उंची ४५. प्रत्येक घराच्या जोत्याची उंची तू वेगळी घेतलीस, ते सरांनीही सांगितलं नव्हतं. मी आणि संघर्षने बसून सत्तावीस घरं तपासली. डागाचा आकडा धरला तर पाणी आत गेलं ते फक्त पहिल्या तीन घरांत, अगदी ओढ्यालगतच्या. बाकी सगळीकडे जोत्याच्या खालीच राहिलं. तुमचं घर पाचवं.

संघर्ष पाचव्या घरावर बोट ठेवून बसला. मग म्हणाला, "हे सरांना दिसलं असतं तर?" मी वही मिटली. त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही. आठ तारखेच्या आत सांगेन.

वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं आहेस: "प्रश्न – मुलींना घेतात का? उत्तर – घेतात." खाली दोन रेघा मारल्या आहेत.

लताकाकू


१० एप्रिल २०२५

संजना,

तू आलीस. सुनावणीच्या ऑफिसच्या जिन्यात तुला बघितलं. उंच झालीस. हातांना कांद्याचा वास येतो म्हणून तू ओढणीत हात लपवत होतीस, ते दिसलं मला.

तू बोलून बाहेर गेलीस, अधिकारी बाईंनीच पाठवलं. आत नंतर काय झालं ते संघर्षने तुला सांगितलं असेल. माझ्या तोंडून ऐक.

आधी तू काय बोललीस ते लिहिते. मला ते असंच्या असं ठेवायचं आहे. सुनावणी घेणाऱ्या बाईंनी विचारलं, दोन रकाने होते तर पक्क्या वहीत एकच का? तू म्हणालीस, "मॅडम, सरांनी डाग धरायला सांगितलं होतं. उतरवताना मी चुकून दुसरा रकाना उतरवला. चूक माझी आहे, सरांची नाही." बाईंनी विचारलं, तेव्हा वय काय होतं? "चौदा." त्या जरा हसल्या. वही उलटून पाहिली. जोत्याचे आकडे पाहून म्हणाल्या, "हे कोणी सांगितलं घ्यायला?" तू म्हणालीस, "कोणी नाही." मग तुला जायला सांगितलं.

तू गेल्यावर त्यांनी दीपक साहेबांना विचारलं. ते उठून म्हणाले, "हे आकडे आमच्याकडे असते तर आम्ही हेच धरले असते. फेरतपासणी करायला आमची हरकत नाही." बाई लिहायला लागल्या. लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाल्या, "शाळकरी मुलीची उतरवण्यातली चूक दिसते." माझ्या शेजारी संघर्ष बसला होता. त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला. मी सांगितलं नव्हतं तरी त्याला सगळं माहीत होतं, संजना, ते मला आता कळलं. तुम्ही दोघांनी आधीच ठरवलं होतं. मला फक्त म्हणाला होता, "काकू, तुम्ही नुसत्या बसा. बोलू नका." मला वाटलं, नेहमीचं बोलतो.

माझ्या कानात एकच राहिलं. मुलीची चूक. सरांनीही तेच म्हटलं होतं, आणि तेव्हा मी गाळणं धरून उभी होते. आता सरकारी कागदावर तेच उतरत होतं.

मी उभी राहिले. म्हटलं, "मॅडम, ती खोटं बोलली. तिची काही चूक नाही. मी लोकांना हात वर धरायला सांगितलं आणि तिला तोच आकडा उतरवायला लावला."

बाईंचं पेन थांबलं. "तुम्ही कोण?"

"मी सरांची बायको."

"का सांगितलं?"

"भरपाई मिळेल म्हणून."

"किती घरांना?"

मी म्हटलं, "सगळ्यांना." मागून सिंधुबाईचा आवाज आला, "लते, बस खाली." मी बसले नाही.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "म्हणजे सगळ्या घरांनी ठरवून खोटं माप दिलं. मुलीने आत्ता माझ्यासमोर खोटं सांगितलं. मग तिचा दुसरा रकाना खरा आहे, हे मी कशावरून धरू? भिंती रंगवलेल्या आहेत. आठ घरं तर उभीच नाहीत." दीपक साहेब खाली बघत होते. मी म्हटलं, "मॅडम, डागाचे आकडे खरे आहेत. ती कधी चुकत नाही." त्या म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलंत ना आत्ता, ती खोटं बोलली." आधी लिहिलेल्या ओळीवर त्यांनी आडवी रेघ मारली. मला तो कागद उलटा दिसत होता, पण रेघ दिसली.

अर्ज फेटाळला.

बाहेर गाड्या लावतात तिथे संघर्ष सगळ्यांसमोर म्हणाला, "एवढी वर्षं गप बसलात ना काकू? अजून दहा मिनिटं बसायचं होतं." सिंधुबाई माझ्या जवळून गेली, पदर लागू नये म्हणून तिने तो आवरून घेतला. लहानपणापासून ओळखते मी तिला. माझ्या आईच्या बाळंतपणाला ती होती.

आणि तू म्हणालीस, "काकू, मला चाललं असतं ओ. माझं नाव लागलेलं मला चाललं असतं."

मी तुझ्यासाठी बोलले, असं मी तुला तिथेच सांगणार होते. रिक्षा मिळाली नाही म्हणून चालत घरी आले. घरी येईपर्यंत माझीच खात्री उरली नाही. तुझ्यासाठी बोलले, की माझ्या छातीवरचं उतरावं म्हणून? एकोणीस घरांचा विचार त्या वेळी मनात आला होता का, हे आठवून बघितलं. आला नव्हता.

लताकाकू


२० जुलै २०२५

संजना,

पुन्हा लिहिणार नव्हते. हे एक सांगायचं राहिलं, ते सांगते.

घरं २१ मे रोजी पाडली. पावसाळ्याआधी धोका नको म्हणून, असं नोटिशीत होतं. दोन दिवस लागले. सिंधुबाई निफाडला लेकीकडे गेली. बाकीचे कोण कुठे गेले ते मला कोणी सांगत नाही, मीही विचारत नाही. विहारात आता सहा-सात जणीच येतात. मी मागे बसते. संघर्ष रस्त्यात दिसला तर रिक्षा थांबवत नाही.

शाळेत सरांच्या जागी नवीन बाई आल्या. चांगल्या वाटल्या. सरांचं सामान घेता का विचारायला गेले होते, नकाशे, होकायंत्रं, मातीचे नमुने. म्हणाल्या, "ठेवायला जागा नाही हो. आणि मुलांना बाहेर न्यायला आता परवानगीच मिळत नाही. तो वस्तीचा प्रकार झाल्यापासून पालकही सही करत नाहीत. आम्ही व्हिडिओ दाखवतो." तुमचा ओढ्याचा नकाशा हॉलमधून काढून गुंडाळून ठेवला होता. तो त्यांनी माझ्याकडे दिला. मी आणला.

परवा शुक्रवारी खूप पाऊस झाला. धरणातून पाणी सोडलं, नासर्डी नदी तुंबली आणि आपल्या ओढ्याचं पाणी मागे फिरलं. शनिवारी सकाळी पाऊस थांबल्यावर मी गेले. पुलाच्या खांबावर २०२२ च्या पुराची सरकारी लाल खूण आहे. पाणी त्या खुणेला टेकून उभं होतं. वरही नाही, खालीही नाही. म्हणजे त्या वर्षीएवढंच पाणी.

राडारोडा उचलून नेला आहे, पण जोती तशीच आहेत. सत्तावीस. साडी वर खोचून मी चिखलातून एकेक बघत गेले. पहिली तीन पाण्याखाली होती. चौथ्याच्या कडेला पाणी लागत होतं, वर चढलं नव्हतं. त्याच्यापुढच्या प्रत्येक जोत्यावर पावसाचं पाणी वाळत आलं होतं, ओढ्याचं तिथे पोचलंच नव्हतं. नवव्याला बाहेरून ओल होती, वीतभर. तुझ्या वहीत एकवीस आहे.

तिथे कोणी नव्हतं. पलीकडे एक माणूस म्हशी धूत होता. त्याला मी हाक मारून सांगितलं की बघा, पाणी इथपर्यंतच येतं. तो म्हणाला, "मग? कोन राहतंय हितं?"

घरी येऊन संघर्षला फोन केला. या वेळी त्याने उचलला. मी सांगितलं. तो म्हणाला, "काकू, आता याचं काय करू मी?" आणि ठेवला. ऑफिसात जाऊन सांगावं असं वाटलं होतं, पण कोणाला आणि कशासाठी, ते सुचलं नाही. बाईंसमोर माझ्या शब्दाला काय किंमत आहे ते तुला माहीत आहे.

म्हणून तुला लिहिते. तू मोजलं होतंस ते बरोबर होतं, सगळ्या घरांचं. हे सरांना कळायला हवं होतं, ते कळलं नाही. आता कोणालाच कळून उपयोग नाही, पण तुला तरी माहीत असावं.

तुमच्या जोत्यावर मी चढले. पुढच्या खोलीची फरशी अजून आहे, हिरवी. तिच्यावर उभी राहिले. चारही बाजूंना चिखल होता. पाचवं जोतं कोरडं होतं.

लता